रकाना सातमधला माणूस

दर पाच वर्षांनी होणारी गृहकॉफी पसंती नोंदणी यंदाही ठरल्या वेळी, म्हणजे दोन वर्षं उशिरा, सुरू झाली. कोणाच्या घरी कॉफी कशी होते आणि कोण ती कशी पितं, ही माहिती शासनाला कशासाठी हवी, याचा खुलासा परिपत्रकात होता: मागच्या वेळी घेतली होती म्हणून.

शनिवारी सकाळी नोंदणीवाली मुलगी टॅब घेऊन आली, तेव्हा बाइंडर घरीच होता. पुस्तकं बांधायचा धंदा, बोटांना कायम खळीचा वास आणि स्वभाव असा पडखाऊ, की न्हाव्याच्या हातून एका बाजूचा कल्ला उडाला तर हा दुसऱ्या बाजूचाही काढायला सांगून वर ‘छान झालं’ म्हणून यायचा. बायको सरकारी लॅबमध्ये रक्त तपासायची. घरची कॉफीही ती त्याच शिस्तीत करायची. पूड काट्यावर तोललेली, पाण्यात थर्मामीटर, घड्याळ लावून चार मिनिटं. साखर नाही. साखर घालणाऱ्या माणसांबद्दल ती वाईट बोलत नसे, फक्त गप्प होत असे.

तिची नोंद अर्धा तास चालली आणि पुरवणी जोडावी लागली. मग मुलगी रकाना सातकडे वळली.

“काका, तुमची कॉफी?”

“कशीही चालते.”

मुलीने टॅबवर बोट वरखाली फिरवलं. “‘कशीही’ नाहीये यात.”

“मग ही पिते तशी लिही.”

“ते अनुकरणात जाईल. त्याला मूळ व्यक्तीचं संमतीपत्र लागतं, दोन फोटोंसह. आणि तो फॉर्म अजून छापून आलेला नाही.”

“अहो, सांगा ना काहीतरी!” बायको कळवळून म्हणाली. घराजवळच्या लॅबमध्ये बदली हवी तर कुटुंबाच्या सगळ्या नोंदी पूर्ण असल्याचा दाखला लागायचा. रोजच्या दोन तासांच्या बसमधल्या धक्क्यांतून सुटका त्या एका कागदावर अडली होती.

बाइंडरने मनापासून आठवून पाहिलं. काहीच सापडेना. टॅब लाल झाला आणि त्यावर अक्षरं उमटली: ‘कुटुंब अपूर्ण’. मुलगी हळहळली, पाणी पिऊन निघून गेली.

अपूर्ण कुटुंबांची सुनावणी नोंदणी कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर होती. बाइंडरने पॅसेजमध्ये तीन तास काढले. मग त्याला आत बोलावलं. अधिकारी सज्जन होता, म्हणजे समोरच्याला खुर्ची देत होता.

“माणसाला काहीतरी आवडतंच हो. तुम्ही काय पिता?”

“समोर येईल ते.”

“आणि समोर काय येतं?”

“ते बायकोवर अवलंबून.”

अधिकाऱ्याचा चेहरा उजळला. त्याने लिहिलं: ‘अर्जदार पत्नीवर अवलंबून.’ मग शिक्का मारला. पण अवलंबित व्यक्ती अठरा वर्षांखालची किंवा अंथरुणाला खिळलेली असावी, असा नियम निघाला. दोन्हींपैकी सोयीचा दाखला आणायला बाइंडरला आठवड्याची मुदत मिळाली. डॉक्टरने त्याची जीभ बाहेर काढायला लावली, टॉर्च मारला आणि लिहून दिलं, ‘जिभेत दोष नाही. वापर कमी.’

दुसऱ्या सुनावणीला बायकोही रजा टाकून आली. डॉक्टरचा कागद वाचून अधिकाऱ्याने डोक्याला हात लावला.

“अहो, जन्मात एकदा तरी कॉफी पिऊन तोंडातून ‘वा’ निघालं असेल ना?”

बाइंडर कानापर्यंत लाल झाला. “निघालं.”

“कधी?”

“मागच्या मंगळवारी. इथेच बाहेर. तुमच्या मशीनची.”



“पॅसेजमधल्या?” बायकोने विचारलं. “कागदी कपातली?”

“हो.”

“दुधाच्या पावडरीची?”

“फेस येतो गं वर. आणि गोड असते... भरपूर. लागोपाठ तीन प्यायलो.”

“एकोणीस वर्षं मी थर्मामीटर लावतेय!”

“म्हणून तर बोललो नाही.”

बोलून टाकल्यावर बाइंडरला विलक्षण हलकं वाटलं. शर्टाचं वरचं बटण त्याने आपणहून सैल केलं. बायको मात्र खिडकीबाहेर बघत होती. अधिकारी टेबलावरून पुढे वाकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, “खरं सांगू? मलासुद्धा तीच आवडते. पण माझ्या फॉर्मवर ‘ताजी दळलेली, बिनसाखर’ आहे. शेवटी फॉर्म लोक वाचतात.”

पसंती सापडली, पण ती गृहकॉफी होईना. नियमाप्रमाणे गृहकॉफी राहत्या जागी झालेली असावी. मशीन शासकीय मालमत्ता असल्यामुळे जागचं हलवता येत नव्हतं. राहता राहिला बाइंडर, तो हलवता येत होता. त्याचा पत्ता त्याच दुपारी बदलण्यात आला: तिसरा मजला, पॅसेज, मशीनशेजारचा बाक. बायकोच्या कुटुंबात आता एकच सदस्य उरला आणि त्याची नोंद पुरवणीसह पूर्ण होती. दाखला दहा मिनिटांत मिळाला. बाइंडरला रात्री घरी झोपण्याची मुभा मिळाली, पण दप्तरी तो पाहुणा.

संध्याकाळी दोघं घरी आले. ती दार उघडून आत गेली, पर्स ठेवली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून कोरड्या आवाजात म्हणाली, “बसा. काय घेणार?”

एकोणीस वर्षांत हा प्रश्न या घरात फक्त परक्यांना विचारला गेला होता. बाइंडर पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेवर टेकला. “कॉफी. तीन चमचे साखर. आणि फेस जमला तर बघ.”

तिने डोळे मिटून साखर घातली. मग रवी काढली आणि सगळा राग तिच्यावर काढला. असा फेस आला की कपाबाहेर सांडला. बाइंडरच्या मिशा पांढऱ्या झाल्या आणि ते पाहून तिला हसू फुटलं. आवरता आवरेना. मग तिने त्याच्याच कपातला एक घोट घेऊन पाहिला, तोंड वाकडं केलं आणि, तपासणीची पद्धत म्हणून, आणखी एक घेतला.

पुढच्या महिन्यात बदली झाली. बाइंडर रोज संध्याकाळी पाहुणा म्हणून घरी येतो, मागून घेतो, मजेत आहे. पत्त्याची पडताळणी असली की तेवढा पॅसेजमध्ये जाऊन बसतो. तिथे आता बरीच वस्ती झाली आहे. कोणाची बायको, कोणाचा नवरा, एक सासूबाई, आणि सुट्टीच्या दिवशी स्वतः अधिकारी. सगळी घरात मान डोलावण्याबद्दल नावाजलेली माणसं. परवा विभागाने तिथे दुसरा बाक टाकला. त्यावर कोणाकोणाची नावं लिहायची, याची यादी तुमच्या घरातून सुरू झाली आहे. स्वयंपाकघरातून विचारणा झाली की पेपरातून मान वर न काढता तुम्ही जे उत्तर देता, ते नोंदणीवाल्या मुलीने ऐकलं आहे.