ऐकीव पदर

मगदूम सरांना 'जेवलात का?' विचारा. 'जेवलोय, असं वाटतंय,' म्हणतील. नाव विचारलं तर, 'घरात मला विष्णू म्हणत्यात.' चित्रकला शिकवून रिटायर झालेला हा माणूस आमच्या संग्रहालयात जुन्या चित्रांची माहिती कॉम्प्युटरवर चढवायला येतो. चढवते मी, सर अडवतात.

'चित्रकार कोण?' एवढा साधा रकाना. मी नाव टाकायला गेले की मागून, 'कोण म्हणतंय? कशावरनं?' सही आहे की, म्हटलं तर, 'सही काय, कुणीबी करतंय.' डोकं उठवलं नुसतं. शेवटी त्यांच्या हट्टापायी प्रत्येक नावापुढं खात्रीचा रकाना घातला: नक्की, बहुतेक, ऐकीव. एका वहिनींनी आजेसासऱ्यांनी काढलेलं चित्र आणलं. सरांनी त्यांच्यादेखत 'ऐकीव' निवडलं. वहिनी चहा न घेताच गेल्या.

मग संग्रहालयाच्या साहेबांनी फर्मान काढलं, वेबसाइटवर फक्त 'नक्की' असलेली नावं दिसणार. लोकांना घोळ नको.

त्याच आठवड्यात हिरव्या शालूतल्या बाईचं चित्र आलं. सर खुर्ची ओढून समोर बसले ते बसलेच.

'ह्यो पदर आमच्या आबांनी रंगवलाय,' म्हणाले. आबा म्हणजे त्यांचे वडील, एका नावाजलेल्या चित्रकाराच्या हाताखाली होते. तिथली रीतच तशी. चेहरा मालक रंगवणार, लुगडं-दागिने आबा, आणि सही मालकांची.

'कोण म्हणतंय?' मी चेष्टेनं विचारलं.

'आई म्हणायची. मी रांगत हुतो तवा आबा गेले. घरात त्यांचा फोटो बी न्हाय.'

मी चेष्टा सोडली. 'मग टाका की नक्की,' म्हटलं. 'कोण तपासायला बसलंय?'

मालकांच्या नावाला जुनी पावती होती, ते 'नक्की' झालं होतं; त्याखाली मी आबांचं नाव टाकलं. सरांनी माउस स्वतःकडं घेतला. बाण आधी 'नक्की'वर नेला. मग त्यांनी 'ऐकीव' दाबलं.

'दुसऱ्याच्या आज्याला न्हाय म्हटलं,' म्हणाले, 'माझ्या बापाला व्हय कसं म्हणू?'

वेबसाइट सुरू झाली त्या दिवशी सर इस्त्रीचा शर्ट घालून आले. मी फोनवर चित्र उघडून दिलं. दोन बोटांनी पदर मोठा करत करत त्यांनी एवढा केला, की बाई गेली आणि नुसता हिरवा रंग उरला. खाली नाव एकच होतं, मालकांचं. मला रडू आवरेना. साहेबांचा राग आला, सरांचाही आला.

'आई जाईस्तोवर तेवढंच सांगत हुती, पोरी,' सर म्हणाले. 'तिला मी खोटं पाडलं.'