पाट दुप्पट

नववीचं गणित ज्याला पक्कं येतं, त्याचं आयुष्यात कुठेच अडत नाही! हे वाक्य अनय सर दर जूनमध्ये रोह्याच्या शाळेत, नववीच्या वर्गात, पहिल्याच तासाला फेकायचे. पोरं माना डोलवायची. एकाही पोरानं कधी विचारलं नाही की सर, मग तुमचं लग्न कुठे अडलंय. विचारलं असतं तरी सरांनी खडू वर करून सांगितलं असतं, माहिती अपुरी आहे, उदाहरण सुटत नाही.

पण लग्न ही फार पुढची पायरी झाली. सरांचं घरी येणाऱ्या साध्या माणसावरच अडलं होतं.

विमलबाईंच्या बैठ्या घरातली कडेची खोली त्यांनी भाड्यानं घेतली होती. मोठ्या गाळ्याला मध्ये भिंत घालून केलेली खोली ती. दार कसलं, फटच! दोन फूट रुंद. तरी एवढ्या फटीतूनही कोणी आत आलं नव्हतं. दूधवाला पिशवी कडीला अडकवून पसार. कुरिअरवाला गल्लीच्या तोंडाशी उभा राहून फोन करायचा, सर, तुम्हीच या ना इकडे. खोलीत खुर्च्या दोन. एकीवर सर बसायचे. दुसरीवरचं प्लॅस्टिक अजून निघालंच नव्हतं. सहा कपांच्या सेटमधला एक कप चहा पिऊन पिऊन पिवळा पडला होता, आणि बाकीचे पाच खोक्यात, पेपरात गुंडाळून, बोहल्यावर उभं राहायची वाट बघत बसले होते.

सरांचं मूळ घर पेणला. ते विकून मोठा भाऊ आईला घेऊन पुण्याला गेला. जाताना घरचा गणपती बसवायचा मान नेला, आणि तो ज्यावर बसायचा तो जुना पाटही नेला. भाऊ बोलवायचा दर वर्षी. पण तिथे भावाच्या सोसायटीतली माणसं यायची, सरांना विचारायची, तुम्ही कोण, आणि उत्तर ऐकायच्या आत मोदक उचलून निघून जायची.

या श्रावणात सरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. लग्नाला पत्रिका लागते. मुंजीला लागते. गणपतीला लागत नाही! ज्याच्या घरी गणपती, त्याच्या घरी माणसं. ओळख असो, नसो, वर्षभर भांडण असो, पाच दिवस सगळे आत येतात, हात जोडतात, चहा घेतात, दोन शब्द बोलतात. म्हणजे आपण स्वतःचा गणपती आणला की प्रश्न सुटला. आणि मूर्ती जरा मोठी आणली की माणसंही जरा जास्त. सम प्रमाण! नववीचं नाही, सातवीचंच गणित!

सरांनी लगेच पेणला सखादादाला फोन लावला. सखादादाच्या कारखान्यातूनच त्यांच्या घरचा गणपती वर्षानुवर्षं यायचा. सर म्हणाले, आमच्या घरच्यासारखाच हवा, तोच चेहरा, तीच बैठक. घरचा पाट पुण्याला गेलाय, तेव्हा पाटही तुम्हीच करून द्या. फक्त या वेळी पाट दुप्पट करा आणि बाकी सगळं त्याच प्रमाणात वाढवा. सखादादानं विचारलं, पाट दुप्पट ना, नक्की? सर म्हणाले, अगदी दुप्पट. दोघांनी खूश होऊन फोन ठेवला.

सरांचा हिशोब पक्का होता. पाट म्हणजे बसायची जागा, जागा म्हणजे क्षेत्रफळ. क्षेत्रफळ दुप्पट करायचं तर बाजू वाढते दीडपटीच्याही जरा आत. जुना पाट सव्वा फुटी. नवा दोन फुटांच्या आतच बसतो, दारातून दोन्ही बाजूंना बोटं राखून आत जातो. एसटीत शेजारच्या सीटवर बसवून आणता येतो. सरांनी खोक्यातले पाच कप काढले, धुतले, उन्हात वाळवले. दुसऱ्या खुर्चीचं प्लॅस्टिक फाडलं. त्या आवाजानं ते स्वतःच दचकले, इतकी ती खोली गप्प होती.

शाळेत शिक्षकांच्या खोलीत त्यांनी जाहीर केलं, माझ्याकडे गणपती आहे, सगळ्यांनी यायचं. इंग्रजीच्या अनिता मॅडम म्हणाल्या, नक्की येऊ सर. ते 'नक्की' सर घरापर्यंत तोंडात घोळवत गेले, खडीसाखरेसारखं.

हरतालिकेच्या दिवशी सर पेणला कारखान्यात पोचले. हातात एक उपरणं, देवाचा चेहरा झाकायला. कारखान्यात पाय ठेवायला जागा नाही. सखादादानं त्यांना एका भल्यामोठ्या मूर्तीपुढे उभं केलं. सरांनी हात जोडले आणि त्या मूर्तीच्या मागे वाकून बघायला लागले.

"काय शोधताय, सर?"

"माझा गणपती."

"हाच की. बघा तरी, चेहरा तोच हाय का नाय?"

चेहरा तोच होता. फक्त तो सरांच्या छातीला लागत होता! पाटासकट आधीच फूटभर चौथऱ्यावर चढवलेला, त्यामुळे आणखीच.

"दादा, मी दुप्पट सांगितला होता."

"मंग दुप्पटच हाय. टेप लावा."

सरांनी टेप लावली. पाटाची बाजू अडीच फूट. सव्वाची बरोब्बर दुप्पट. उंची दीड फुटाची तीन फूट. एका सुताचाही फरक नाही.

"अहो, पाट दुप्पट म्हणजे क्षेत्रफळ दुप्पट."

सखादादानं ब्रश पाण्यात बुडवला. "सर, आमच्यात फुटी पाट, दीड फुटी पाट, असं बाजूवर बोलतात. क्षेत्रफळावर कोण गणपती बसवतो?"

आता हे बघा. बाजू दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट, घनफळ आठपट, हे सर दर वर्षी वर्गाकडून ओरडून घोकून घेतात. पेपरात कोणी नुसतं 'दुप्पट' लिहिलं तर बाजूला लाल शाईनं विचारतात, कशाची दुप्पट? गाढवा, ते आधी लिही! तेच सर आता आठपट शाडूमातीपुढे उपरणं घेऊन उभे होते. ते उपरणं देवाच्या एका कानाला जेमतेम पुरलं.

बदलून मागायची सोय नव्हती. उरलेल्या सगळ्या मूर्तींना दुसऱ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या लागलेल्या. आणि आपल्या नावानं डोळे उघडलेला देव नको म्हणायचा कसा? सखादादानं प्रणित नावाच्या ओळखीच्या टेम्पोवाल्याला बोलावलं, आणि चार गड्यांनी मिळून गणपती चढवला. सर मागे बसले, मूर्तीला दोन्ही हातांनी कवटाळून.

वाटेत गडब गावात प्रणितनं चहाला टेम्पो थांबवला. रस्त्याकडेच्या दुकानांतली माणसं बघायला लागली. कोणी हात जोडले, एका म्हातारीनं लांबूनच दृष्ट काढून कानशिलावर बोटं मोडली, शाळेतून सुटलेल्या पोरींनी मोरया म्हणत हात हलवले. सरांनीही हात हलवला. मग आठवलं, पोरी आपल्याला नाही, देवाला हात करतायत. तरी त्यांनी हात खाली घेतला नाही. नागोठणं ओलांडेपर्यंत ते जो दिसेल त्याला हात करत होते.

टेम्पो गल्लीत शिरला आणि चमत्कार झाला. गल्ली बाहेर आली! ज्यांची नावं सरांना नुसती लाइटबिलावरून माहीत होती ती माणसं सरांच्या दारात उभी! कोणी टेम्पोचा फाळका धरला, कोणी म्हणालं, सर, तुम्ही बाजूला व्हा, तुम्हाला नाय झेपायचं. सर इतके हरखले की दार दोन फुटांचं आहे हे ते साफ विसरले. ते आठवलं तेव्हा अडीच फुटी पाट दाराच्या चौकटीला टेकला होता आणि चार माणसं तो धरून घामाघूम उभी होती.

"थांबा," सर म्हणाले. "काही अडत नाही."

खिशात खडू असायचाच. सरांनी दाराशेजारच्या भिंतीवर आयत काढला, त्याला एक तिरकी रेघ मारली आणि ज्या गल्लीनं त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं तिला शिकवायला लागले. पाट सरळ जात नाही, कारण दाराची रुंदी कमी. पण तिरका केला तर जातो. आधी पाटाची कड, मग सोंड, मग पोट. हे सांगताना त्यांना जरा बरंच वाटत होतं. एवढा मोठा वर्ग, आणि सगळे लक्ष देऊन ऐकतायत!

तेवढ्यात घरमालकीण विमलबाई पुढे आल्या.

"ओ सर, गणपती दारातून सरळ येतो, तोंड पुढं करून. आडवा घालून न्यायला तो काय फ्रिज हाय?"

"आडवा नाही हो, तिरका. दाराचा कर्ण रुंदीपेक्षा मोठा असतो."

"कर्ण?" विमलबाईंनी कपाळावर हात मारला. "त्याचं तर चाकच रुतलं होतं, सर. आज त्याचं नाव नका काढू."

दोन म्हाताऱ्यांनी लगेच कानाला हात लावले. प्रणित म्हणाला, चौकट काढू का, पहार आहे टेम्पोत. विमलबाईंनी त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो टेम्पोत जाऊन बसला. मूर्ती धरणारे एकमेकांना हात बदला म्हणायला लागले. पाठीवर ऊन. गणपतीच्या सोंडेला घाम सुटल्यासारखा रंग चमकत होता.

मग विमलबाईंनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला. सरांच्या खोलीला लागून गाळ्याचा उरलेला भाग, त्यात त्यांच्या नवऱ्याचं सायकलचं दुकान होतं. नवरा गेल्यापासून शटर खाली. बाईंनी कुलूप काढलं. शटर अर्ध्यावर अडलं, किंचाळलं, आणि पोरांनी लाथा घातल्यावर धाडकन वर गेलं. कोणी झाडू आणला, कोणी टायर बाहेर काढले, आणि गणपती सरळ, ताठ, तोंड पुढं करून, इकडे तिकडे न वळता आत गेला. मोरयाच्या आवाजानं पत्रे हलले!

आणि एकदा बसवलेला गणपती विसर्जनापर्यंत हलत नाही.

दुसऱ्या दिवशी पूजा सरांनीच केली, हे खरं. पण संध्याकाळपासून माणसं यायला लागली ती विमलबाईंच्या शटरमध्ये. दर्शन, आरती, मग गप्पा. विमलबाई गेल्या कित्येक वर्षांत बोलल्या नसतील एवढं त्या एका संध्याकाळी बोलल्या. बसायला जागा कमी पडली म्हणून सरांच्या दोन्ही खुर्च्या तिकडे गेल्या. कप कमी पडले म्हणून सहाचे सहा कप गेले. मोदकाचं ताट गेलं. सर चहा नेऊन देत होते. माणसं कप घ्यायची आणि विमलबाईंना म्हणायची, काय सुंदर मूर्ती आणलीत हो!

शटरमधल्या मोठ्या गणपतीचं ऐकून तिसऱ्या दिवशी अनिता मॅडम आल्या, आईला घेऊन. सर ट्रे घेऊन पुढे झाले. मॅडमचा चेहरा फुलला.

"अय्या, सर! तुम्हीपण इथेच आलात दर्शनाला?"

सर म्हणाले, "हो. जवळच राहतो मी."

मॅडमनी आईला सांगितलं, हे आमचे गणिताचे सर. आईनं मोदक छान झाल्याचं विमलबाईंना सांगितलं. मग त्या दोघी निघाल्या. यांच्याकडचा गणपती कुठे, हे विचारायचं मॅडमच्या मनात आलंही असेल, पण पाऊस भुरभुरायला लागला होता.

आरतीच्या वेळी साखर संपली म्हणून सर आपल्या खोलीकडे आले आणि जागच्या जागी थिजले. त्यांच्या दारात चपला! एक जोड नाही, ढीगच! लेडीज, जेंट्स, चिमुकल्या पोरांच्या शिट्टीवाल्या. उंबऱ्यापर्यंत रेटून लागलेल्या. घर माणसांनी भरलंय, आत पंगत बसलीय, असं वाटावं असा तो ढीग. शटरच्या पायरीवर पाणी साचतं म्हणून लोकांनी सरांच्या दारातल्या कोरड्या जागेत चपला काढल्या होत्या, एवढंच. सरांनी दिवा लावला, दार सताड उघडं टाकलं आणि खुर्ची नसल्यामुळे जमिनीवर बसून त्या चपलांकडे बघत राहिले. शेजारी टाळ वाजत होते.

आरती संपली. चपला एकेक करून निघायला लागल्या. शेवटी एक जाडसर गृहस्थ आले. पट्टा लावायला त्यांना टेकू हवा होता. त्यांनी सरांच्या चौकटीला हात धरला, तोल सांभाळायला एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला आणि दुसरा पाय वर घेऊन पट्ट्याशी झटापट करू लागले.

सर ताडकन उठले. "या ना आत. चहा ठेवतो."

"नको, नको. आरतीआधीच झाला विमलबाईंकडे," गृहस्थ म्हणाले, आणि पट्टा लागताच निघून गेले.

सर दारातच उभे राहिले. आत आला तो एक पाय. दुसरा बाहेरच होता. म्हणजे पाहुणा फार तर अर्धा. पण अर्धा म्हणजे काही शून्य नाही, हे तर पाचवीतलं पोरगंही सांगेल! सरांनी साखरेचा डबा उचलला आणि मागाहून आलेल्यांना चहा द्यायला शेजारी गेले.