टर्कीच्या पिपातली युनियन

व्हर्नाला फक्त एक सही हवी होती आणि ती लाइलपाशी अडली होती.

विस्कॉन्सिनमधल्या काकडीच्या लोणच्याच्या त्या कारखान्यात एकेचाळीस माणसं. त्यातल्या वीस जणांनी युनियनच्या निळ्या कार्डावर सह्या केल्या होत्या. एकवीस झाल्या की बहुमत. रविवारची पाळी शनिवारी संध्याकाळी सांगायची, ही कारखान्याची रीत. त्या रीतीपायी व्हर्नाने स्वतःच्या नातीचा बाप्तिस्मा बरण्यांना झाकणं लावता लावता साजरा केला होता. तेव्हापासून ती पेटली होती.

"लाइल, कर की रे बाबा सही!"

"तुझ्यासमोर नाही करणार. मतदान घ्या, पेटी ठेवा, पडदा लावा."

"का? मी काय खाणार आहे तुला?"

"तू खाशील, नाहीतर बॉस खाईल. पेटी कुणाला खात नाही."

गंमत म्हणजे मालक प्रुइटसाहेबही अगदी हेच म्हणत. गुप्त मतदान! त्यांना लाइलची काळजी होती असं मुळीच नाही. मतदान म्हटलं की दीड महिना हाताशी मिळतो, आणि तेवढ्यात पिझ्झा खाऊ घालून बरीच मनं वळवता येतात. त्यांच्या वकिलाने एकच बजावलं होतं, "त्या कार्डांना बोटसुद्धा लावू नका. तुम्ही स्वतः मोजलीत की मतदान गेलं, युनियन गळ्यात पडली."

थँक्सगिव्हिंगच्या सणाला घरोघरी टर्की पक्षी भाजतात, म्हणून आदल्या दिवशी कारखान्यात टर्कीची सोडत असे. कॅन्टीनमध्ये लोणच्याचं रिकामं पीप ठेवायचं, प्रत्येकाने आपल्या नावाची चिठ्ठी त्यात टाकायची आणि काम सुटताना साहेबांनी एक चिठ्ठी काढायची; ज्याचं नाव निघेल त्याला टर्की. त्या सकाळी मुकादम ड्वेन अचानक लॉकर तपासत निघाला. व्हर्नाच्या हातात कार्डांचा गठ्ठा! तिने इकडेतिकडे पाहिलं आणि गठ्ठा सरळ पिपात सोडला. दुपारी काढून घेऊ, असं तिने ठरवलं.

पण जेवणाच्या सुट्टीतच साहेब माइक घेऊन उभे राहिले. सोडत लवकर उरकून त्यांना भाषण ठोकायचं होतं. ड्वेनने लाइलला टर्की आणायला शीतघरात पिटाळलं. व्हर्नाने अर्धं सँडविच तसंच खाली ठेवलं.

"कुणी कुणाच्या नजरेखाली सही करू नये, हीच खरी लोकशाही!" असं म्हणत साहेबांनी पिपात हात घातला. निळं कार्ड निघालं. पुन्हा घातला. पुन्हा निळं.

"अस्सं! माझ्याच टर्कीत युनियन?"

ड्वेन त्यांच्या कानाशी लागला. "वीसच आहेत बॉस. वर एक नाही. पक्की बातमी."

साहेबांना जोर चढला. वकील कुठल्या कुठे विसरला. "व्हर्ना, सगळ्यांदेखत मोजतो! एकवीस निघाली तर आत्ताच्या आत्ता तुझी युनियन मान्य. नाही निघाली तर विषय बंद. आहे कबूल?"

वीस हा आकडा व्हर्नाला झोपेतही पाठ होता. पण सगळं कॅन्टीन तिच्याकडे बघत होतं. "मोजा," ती म्हणाली.

पीप टेबलावर उपडं झालं. साहेब चिठ्ठ्या बाजूला सारत एकेक कार्ड माइकवर वाचू लागले. विसावं व्हर्नाचंच निघालं. साहेब हसले. मग चिठ्ठ्यांखाली आणखी एक निळा कोपरा दिसला आणि ते हसायचे थांबले.

"एकवीस. लाइल... लाइल अमंडसन?"

तेवढ्यात दार उघडलं. अठरा पौंडांची टर्की पोटाशी कवटाळून लाइल आत आला. शीतघराच्या जाड दारातून बाहेर पडताना स्पीकरवर त्याला स्वतःचं नाव तेवढं ऐकू आलं होतं.

"मला लागली? अकरा वर्षांत पहिल्यांदा! लई आभारी आहे, बॉस!"

कॅन्टीन दणाणून गेलं. टाळ्या, शिट्ट्या, टेबलं बडवणं. साहेब खुर्चीत बसले आणि ड्वेनकडे वकिलाचा नंबर मागू लागले. व्हर्ना रडत रडतच लाइलच्या गळ्यात पडली. मध्ये टर्की चेपली गेली.

लाइलने हळूच तिच्या कानात सांगितलं, "अगं, सकाळी चिठ्ठी टाकायला गेलो तर पिपात निळी कार्डं दिसली. म्हटलं, व्हर्नाने शेवटी ऐकलं आपलं, पेटी ठेवली. मग काय, तू दिलेलं कोरं कार्ड खिशातून काढलं, सही केली आणि दिलं टाकून. बघ, गुप्त मतदानाचं हेच बरं असतं. या कानाचं त्या कानाला कळत नाही."