सरकारी भिंतीतला खिळा

मास्तर मंत्री झाले आणि त्याच दुपारी मास्तरीणबाईंनी भाड्याच्या घराची किल्ली घरमालकाच्या हातावर ठेवली. लग्न झाल्यापासून त्याने त्यांना एकच गोष्ट ऐकवली होती, "भिंतीत खिळा मारायचा नाही." त्यामुळे बाईंनी हौसेने शिवलेले पडदे ट्रंकेतच म्हातारे झाले होते. सरकारी बंगल्यात गेल्यावर आधी पडदे, मग देश, हे त्यांनी शपथविधीपूर्वीच ठरवून टाकलं होतं.

टेम्पो फाटकाशी थांबला तेव्हा व्हरांड्यात दादासाहेब बनियनवर पेपर वाचत बसले होते. दादासाहेब म्हणजे नुकत्याच पडलेल्या सरकारातले मंत्री.

"या, या! अभिनंदन," ते बसल्या बसल्या म्हणाले. "पण आम्ही काही हलणार नाही हं."

"अहो, बंगला आता आमचाय!" बाई म्हणाल्या.

"आहे की. पण मागच्या खेपेला सामान बांधण्यासोडण्यात आमच्या निम्म्या कपबशा फुटल्या. उद्या तुमचं बहुमत सिद्ध होऊ दे, मग बघू."

त्यांची बायको, वहिनीसाहेब, पदराला हात पुसत बाहेर आली. "आतली खोली रिकामी केलीय तुम्हाला. गॅस मात्र आलटून पालटून."

मास्तरांच्या सरकारचं बहुमत अगदी काठावरचं होतं, म्हणून ते घरातसुद्धा जपून चालत होते. संध्याकाळी बाईंनी त्यांच्यापुढे हातोडी धरली.

"सरकारचं उद्या बघा. आधी खिळा."

मास्तर स्टुलावर चढले. स्टूल डुगडुगायला लागलं तसं दादासाहेबांना राहवेना. त्यांनी येऊन ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"घाबरू नका मास्तर. तुम्हाला पाडायचं ते सभागृहात. घरात नाही."

माणूस शब्दाचा पक्का होता. पण तेवढ्यात दादासाहेबांच्या खिशातला फोन वाजला. पक्षाध्यक्षांचा फोन पहिल्या घंटीला उचलायचा, ही त्यांची जन्माची सवय. दोन्ही हात खिशाकडे गेले.

मास्तरांचा पाय प्लास्टरमध्ये गेला, सभागृहात एक मत कमी पडलं आणि सरकार कोसळलं. दादासाहेब पुन्हा मंत्री झाले. शपथ घेऊन परतले तर त्यांच्या खुर्चीत मास्तर पाय पसरून बसलेले.

"अभिनंदन," मास्तर म्हणाले. "पण मी काही हलणार नाही. डॉक्टरांनीच सांगितलंय."

बाईंना मात्र रडू फुटलं. जुन्या घरात एव्हाना दुसरं बिऱ्हाड आलं होतं, आणि पडदे अजून ट्रंकेतच होते. दादासाहेब वरमले. त्यांनी स्वतःहून हातोडी उचलली.

"थांबा," मास्तर खुर्चीतून उठत म्हणाले, "स्टूल मी धरतो."

दादासाहेबांनी मास्तरांच्या प्लास्टरकडे पाहिलं. त्यांचंही बहुमत काठावरचंच होतं. त्यांनी हातोडी मुकाट्याने बाईंच्या हातात दिली. "बाई, तुम्हीच चढा. आम्ही दोघं धरतो."

बाई चढल्या. पहिला घाव घातला आणि फोन वाजला.

"हात सोडून तर बघा!" बाई खाली न बघता म्हणाल्या.

फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला. खिळा सरळ आत गेला. पडदा लागला. अंदाजाने शिवल्यामुळे वीतभर आखूड होता, पण बाई बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. मग दादासाहेबांनी फोन लावला.

"काय म्हणतात?" मास्तरांनी विचारलं.

"दोन मंत्री रुसले होते. समजूत घालायला मला बोलावत होते."

"मग जा ना."

"आता नको म्हणाले. सरकार गेलं."

वहिनीसाहेबांनी चौघांना चहा केला. सामान बांधायचा विषय कोणीच काढला नाही.

चार दिवसांनी फाटकाशी टेम्पो थांबला. नवे मंत्री उतरले, मागोमाग त्यांची बायको एक मोठी तसबीर छातीशी धरून उतरली. बाई व्हरांड्यात आल्या.

"या, या! अभिनंदन," त्या म्हणाल्या. "कोपऱ्यातली खोली रिकामी करून देतो. फक्त एक सांगून ठेवते, भिंतीत खिळा मारायचा नाही."