एकविसाव्याचा क्रमांक

मूळ संख्या ही मानवजातीला लाभलेली एकमेव निष्कलंक वस्तू होय, असे पाढेरावांचे ठाम मत होते. कॉलेजात गणित घेतलेले कचेरीतले ते एकटेच कारकून, म्हणून हे नाव. निष्कलंक वस्तू कचेरीत आणू नये, हे मात्र कॉलेजात शिकवले नव्हते.

फायली लावणारे मामा आकडे कधी डावीकडून वाचत, कधी उजवीकडून. तेरा नंबरच्या माणसाची रजा एकतीस नंबरच्या नावावर पडे. साहेबांनी उपाय विचारताच पाढेरावांनी सात पानी टिपण दिले: यापुढे कर्मचाऱ्याचा क्रमांक दोन्हीकडून सारखाच वाचता यावा, शिवाय तो मूळ असावा, एक आणि स्वतः सोडून त्याला कशानेही भाग जाऊ नये.

"भाग गेला तर काय बिघडतं?" टायपिस्ट ताईंनी विचारले.

"ताई, शुद्धता म्हणून काही असतं की नाही?"

आदेश निघाला. फॉर्मवर अंकांचे चौकोन चार. दोनपासून नऊशे एकोणतीसपर्यंत अशा संख्या भरल्या वीस. चार अंकी एकही नाही. सगळ्यांना मेला अकराने भाग जातो. कर्मचारी एकवीस, आणि विनयापोटी पाढेरावांनी स्वतःला यादीत शेवटी घातलेले.

"पुढची कुठली?" साहेब म्हणाले.

"दहा हजार तीनशे एक."

"चौकोन चार आहेत, पाढेराव."

क्रमांकावाचून त्यांचा बदलीचा अर्ज हलेना. बायको नोकरीमुळे तीन वर्षे दुसऱ्या गावी. दर रविवारी फोनवर विचारी, "अहो, येताय ना?"

पाढेरावांनी पुरवणी टिपण दिले. दहाऐवजी सोळाच्या पायावर मोजले, तर सतरा ही संख्या ११ अशी लिहितात: एक सोळा आणि एक. मंजूर! पण लगेच कुरबुर सुरू झाली. "यांनाच वेगळा पाया? आम्ही काय घोडं मारलंय?" तेव्हा पाढेरावांनी सिद्ध करून दिले, की दोन सोडून कुठलीही मूळ संख्या तिच्याहून एकाने लहान पायावर ११ अशीच लिहिली जाते. दोन वगळून प्रत्येकाला नवी स्वतंत्र संख्या, स्वतंत्र पाया. कुणावर अन्याय नाही. एकवीस कार्डे छापून आली; सगळ्यांवर ११. पाढेरावांचा ऊर भरून आला.

आठवड्याने वरून पत्र आले: 'क्रमांक ११ यांची बदली मंजूर.' टपाल आधी आवक-जावक कारकुनाच्या हाती पडते. त्याने वाचले, डबा पिशवीत टाकला आणि तो निघाला.

रविवारी फोन आला. "अहो, तुमच्या जागेवर कुणी भलतेच गृहस्थ रुजू झालेत इथे! पत्रावर नाव नव्हतं का?"

 नावाचा रकाना पाढेरावांनीच रद्द करवला होता. नावे दोन्हीकडून सारखी वाचता येत नाहीत.