कुंकवाखालची कचेरी

चिखली शहरात गुप्तहेर किती, असं कोणी विचारलं तर उत्तर एक असं येतं, आणि तो एक म्हणजे मी, रमाकांत पांगरकर. पाटबंधारे खात्यात आयुष्यभर टपाल हाताळल्यामुळे मला माणसाचा चेहरा पाहूनच कळतं की हा कुठून आला आणि कुठे जाणार. नजर घारीची, कान सशाचे, चाल मांजराची. "आणि भूक हत्तीची," असं माझी पत्नी शरयू पुढे जोडते. शरयू निवृत्त शिक्षिका आणि माझी सहायक. 'सहायक' या शब्दावर तिचा आक्षेप आहे. पण स्कूटर तीच चालवते, म्हणून मी वाद वाढवत नाही.

मंगल कार्यालयातून नाहीशा झालेल्या कोल्हापुरी चपलेचं प्रकरण मी एका दुपारी उलगडलं होतं. ती चप्पल माझ्याच पायात निघाली, हा बारीक तपशील सांगायची खरं तर गरज नसते. शरयू तो सगळ्यांना सांगते.

तर अमडापूरचं प्रकरण. शरयूची जुनी विद्यार्थिनी पूनम एका सकाळी आमच्याकडे आली आणि खुर्चीत बसायच्या आधीच रडायला लागली. तिचं लग्न ठरलं होतं. सौमित्र नावाचा मुलगा, बुलढाण्यात प्राध्यापक, घरच्यांना पसंत. अडचण एवढीच की दोघांना नोंदणी पद्धतीनं लग्न करायचं होतं आणि पूनमचे वडील गोपालराव आडवे आले होते.

"बाबा म्हणतात कोर्टात लग्न म्हणजे पोरगी पळून गेली," पूनम म्हणाली. "पण काका, माझ्या आजी-आजोबांचंच लग्न रजिस्टर होतं. सर्टिफिकेट आहे घरी! बाबा मानतच नाहीत."

"मृत्यूचं सर्टिफिकेट नाही ना?" मी विचारलं. गुप्तहेरानं सगळ्या शक्यता तपासायच्या असतात.

"स्कूटर काढते," शरयू म्हणाली.

अमडापूरला गोपालरावांनी स्वागत चांगलं केलं. दहा एकर सोयाबीनचा मालक, आवाज पंचायतीपर्यंत पोचणारा. त्यांनी लोखंडी पेटीतून कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला.

"हे पाहा रमाकांतभाऊ. मायबाबाच्या लग्नाचा कागद. पण कागदाचं काय, तो लग्न लागल्यावरही काढता येते. लग्न लागलं माह्या बाबाच्या मामाकडं, रोहिणखेडले, मांडवात, असं मी धरून चालतो. तुमी जर शाबीत केलं की माह्या मायबाबाचं लग्न कचेरीतच लागलं, त मी सोता पोरीच्या लग्नाले कचेरीत उभा राहीन. नाई त मांडव पडन, बँड वाजन, गाव जेवन."

पूनमनं माझ्याकडे ज्या आशेनं पाहिलं, तसं माझ्याकडे पाटबंधारे खात्यात कोणी कधी पाहिलं नव्हतं.

"आमच्या सासूबाई त नेहमी..." गोपालरावांच्या पत्नी बेबीताई चहा ठेवता ठेवता म्हणाल्या.

"ताई, एक मिनिट," मी हात वर केला. "तपास सुरू झालाय."

मी ग्लास हाताशी ठेवला, भिंग काढलं आणि कागदावर वाकलो. वर वामनराव, म्हणजे आजोबा. मनकर्णाबाई, म्हणजे आजी. तारीख स्पष्ट. साक्षीदार भगवंतराव, राहणार वडनेर भोलजी, आणि आणखी दोन सह्या. सगळं वाचता येत होतं. फक्त खाली जिथे शिक्का आणि गावाचं नाव असायला हवं, तिथे लालभडक, वाळलेला, जाडसर थर होता.

मी ताठ झालो. "गोपालराव, मन घट्ट करा. हे रक्त आहे."

शरयूनं बोट लावून वास घेतला. "हे कुंकू आहे."

"हाव, कुंकूच हाय," गोपालराव म्हणाले. "बाबा दरसाल लक्ष्मीपूजनाले घरातले समदे सरकारी कागद पूजाले मांडे. सातबारा, खरेदीखत, अन हा. जिथं शिक्क्यावर सिंह दिसला तिथं बाबा बोट टेकवे."

म्हणजे वर्षानुवर्षांची हळद-कुंकवाची बोटं नेमकी एकाच जागी. आजोबांनी भक्तिभावानं पुरावा नष्ट केला होता. असा गुन्हेगार मी पाहिला नव्हता.

"नक्कल मागवू या ना," परतताना शरयू म्हणाली. "कचेरीत अर्ज केला की मिळते."

"कोणत्या कचेरीत? तेच तर रहस्य आहे!"

"आधी बुलढाण्यात विचारू. जिल्ह्याचं ठिकाण आहे."

मला तिची कीव आली. इतकं सोपं असतं तर जगाला गुप्तहेर कशाला लागले असते?

माझा पहिला सिद्धांत वडनेर भोलजीचा होता. साक्षीदार तिथला, म्हणजे लग्न तिकडेच, नांदुऱ्याच्या बाजूला. आम्ही एवढं अंतर स्कूटरवर गेलो. भगवंतराव हयात नव्हते. त्यांच्या नातवानं भरीत-भाकरी खाऊ घातली आणि सांगितलं, "आमचे आबा कोनाच्याही लग्नात साक्षीदार राहत. त्याईची सही लय सुंदर होती, म्हनून लोक नेत." पूर्ण जिल्ह्यात नेत. सिद्धांत बारगळला, भरीत मात्र अप्रतिम होतं.

दुसऱ्यांदा अमडापूरला गेलो तेव्हा मला प्रकरणाचा आत्मा सापडला. कागदाच्या कोपऱ्यावर चहाच्या ग्लासाचा गोल डाग! मागच्या वेळी तो माझ्या नजरेतून निसटलाच कसा, याचं मलाच नवल वाटलं.

"चहा!" मी ओरडलो. "सही करताना कोणीतरी चहा पीत होतं. म्हणजे कचेरीसमोर टपरी होती. या डागाच्या मापाचा ग्लास ज्या टपरीवर, तिच्यासमोरच्या कचेरीत हे लग्न लागलं!"

"भाऊ, मी काय म्हनते, सासूबाई हळदीकुंकवात..." बेबीताई पुन्हा म्हणाल्या.

"अवं, थांब ना जराशी," गोपालराव म्हणाले. त्यांनाही आता रंग चढला होता. "मापं घेऊन राह्यले ते."

मी दोऱ्यानं डागाचं माप घेतलं. त्या आठवड्यात मी मेहकर, मोताळा, नांदुरा इथल्या सरकारी कचेऱ्यांसमोर इतका चहा प्यालो की माझी झोप गेली. प्रत्येक ग्लास उपडा करून मी बुडाला दोरा लावत असे. मोताळ्याच्या टपरीवाल्यानं मला अन्नभेसळवाला समजून चहाबरोबर फुकट भजी दिली. तीन ठिकाणचे ग्लास तंतोतंत जुळले. पेच वाढला.

आणि मग पहाटे, पोटातल्या जळजळीनं जाग आली असताना, मला सत्य दिसलं. तीन कचेऱ्या जुळतात, म्हणजे एकही खरी नाही! मी सगळ्यांना अमडापूरच्या बैठकीत जमवलं. पूनम होती, सौमित्र आला होता, गोपालराव लोडाला टेकले होते. मी येरझाऱ्या घातल्या. त्या घालाव्या लागतात.

"मंडळी, पुरावे परस्परविरोधी आहेत. कुंकवानं गाव झाकलंय, साक्षीदार सगळ्या गावांचा, ग्लास सगळ्या टपऱ्यांचे. निष्कर्ष एकच. हे लग्न कुठेच झालं नाही."

गोपालराव सावकाश उठले.

"मंग मी काय आभायातून पडलो का बे?"

आजवर त्यांनी मला कधी 'बे' म्हटलं नव्हतं. पूनमचा चेहरा उतरला. तिनं सौमित्रकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "जाऊ द्या बाबा. टाका मांडव." ते ऐकून मला खरोखर वाईट वाटलं. गुप्तहेरालाही काळीज असतं, फक्त ते सापडायला वेळ लागतो.

"झालं का तुमचं समद्यांचं?" बेबीताई दारातून म्हणाल्या. हातात ट्रे होता. "पयले हा ग्लास कागदावर ठेवू नका भाऊ. मागच्या खेपेलेही तुमीच ठेवला होता. डाग पडला."

शरयूनं डोळे मिटून घेतले.

"अन दुसरं. पयल्या दिवसापासून सांगाले जाते त कोनी बोलूच देत नाई. सासूबाई मरेपर्यंत हळदीकुंकवात एकच उखाणा घेत. गावातल्या समद्या बायांले पाठ हाय. तुमाले मानसाईले काऊन माहीत राहीन, तुमाले त आमी बाहेर काढतो."

मग तिथेच, ट्रे हातात धरून, त्यांनी मान थोडी खाली घातली आणि सासूचा उखाणा म्हटला:

"बुलढाण्याच्या कचेरीत सही केली शाईनं,
वामनरावांचं नाव घेते साहेबाच्या घाईनं."

माझ्या येरझाऱ्या थांबल्या.

"साहेब म्हने, नवऱ्याचं नाव घेऊन कबूल कर," बेबीताई सांगू लागल्या. "त्याशिवाय लग्न लागत नाई. अन सासूबाई नाव घेईना. साहेब घड्याळ पाहे, बैलगाडी बाहेर उभी. शेवटी तिथंच उखाणा जोडला त्याईनं. साहेबानं मान्य केला."

गोपालराव खाली बसले. त्यांनी कागद जवळ ओढला आणि त्या कुंकवावर बोट टेकवलं.

"मायच्या तोंडून बाबाचं नाव मी जन्मात आयकलं नाई," ते म्हणाले. त्यांचा पंचायतीपर्यंत पोचणारा आवाज समोरच्या भिंतीपर्यंतही गेला नाही. "अन ती समद्या गावाले सांगत होती. मायनं हळदीकुंकवात घेतलेलं नाव खोटं कसं असन? पूनम, कोन्या दिवशी जायचं बुलढाण्याले?"

पूनम आईच्या गळ्यात पडली आणि ट्रे गेला. पुढे शरयूनं बुलढाण्यात अर्ज करून नक्कल आणली. त्यावर गाव स्वच्छ छापलेलं होतं. "पहिला संशय बुलढाण्यावरच होता," असं मी म्हणालो. "कोणाचा?" असं तिनं विचारलं. मी विषय बदलला.

लग्नाच्या दिवशी कचेरीत साहेब घाईत होते. त्यांना मीटिंग होती. पूनमनं सौमित्रचं नाव सरळ, मोठ्यानं घेतलं आणि सह्या झाल्या. साक्षीदार म्हणून मी होतो, सौमित्रचा मामा होता आणि तिसऱ्या बेबीताई.

"बाई, तुमचं पूर्ण नाव?" साहेबांनी विचारलं.

पूर्ण नाव म्हणजे मध्ये नवऱ्याचं नाव आलं. बेबीताईंनी पदर सावरला. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, पेननं टेबलावर टकटक केली. मग बेबीताईंनी मान खाली घातली.

"सासूबाईंच्या कचेरीत लेक उभी राहिली,
गोपालरावांच्या होकाराची वाट लई पाहिली."

कचेरीतले शिपाईसुद्धा हसले. साहेब वैतागले. "अहो बाई, फक्त पूर्ण नाव सांगायचं होतं! लवकर, लवकर!"

गोपालराव पुढे झाले. डोळे ओले होते आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

"साहेब, घाई करू नका," ते म्हणाले. "माह्या मायच्या वक्ताले केली तेवढी पुरे झाली. घेऊ द्या तिले नाव अजून एकडाव."