भालेरावांची वास्तुशांत

४ मे १९९६. कुरडयांचा चीक शिजवत होते.

ज्यांनी हे काम केलंय त्यांना सांगायला नको. चीक एकदा गॅसवर चढला की ढवळणारा हात थांबवता येत नाही. थांबला की गुठळ्या झाल्याच आणि तीन दिवस भिजवलेले गहू वाया. नेमक्या त्याच वेळी आमचे वरच्या मजल्यावरचे भाडेकरू भालेरावकाका दारात येऊन उभे राहिले. कानावर पेन्सिल, हातात स्टीलची पट्टी.

"वहिनी, तुमचा सोऱ्या द्या. दोन मिनिटं. माप घ्यायचंय."

"काका, चीक होत आलाय. आत्ता लागेल मला सोऱ्या."

"लागायच्या आत परत. माझं काम मापात असतं."

आणि त्यांनी माझ्यासमोर जमिनीवर मांडी घालून सोऱ्या सुटा केला. नळीचा व्यास, दट्ट्याची लांबी, मुठीची गोलाई, सगळं वहीत उतरवलं. चकतीची भोकं दोनदा मोजली. चीक उतरवला तेव्हा सोऱ्या माझ्या हाताशी होता. वर सल्लाही होता, "आतून एकदा धुऊन घ्या. माझं बोट लागलंय."

चार दिवसांनी मी दुसरा घाणा घेतला, तर काका परत हजर. मूठ उघडली. तळहातावर पितळेचा सोऱ्या, उंची पाऊण इंच. मूठ फिरवली की दट्ट्या खाली जात होता.

"शोभेचा ना?" मी विचारलं.

"शोभेचा? चीक आणा!"

चमच्याच्या टोकाने चीक भरला. काकांनी श्वास रोखून मूठ फिरवली. सुईने पाडलेल्या भोकांतून दोऱ्यासारख्या तारा उतरल्या आणि ताटात शर्टाच्या गुंडीएवढी कुरडई पडली. दोन दिवस ती आम्ही मुंग्यांपासून राखली. तिसऱ्या दिवशी पळीभर तेलात सोडली, तर फुलली! मी ओरडलेच. खोटं कशाला सांगू, स्वतःच्या दहावीच्या निकालालासुद्धा मी इतकी ओरडले नव्हते.

भालेरावकाका सरकारी नोकरीत ड्राफ्ट्समन होते. आयुष्यभर लोकांच्या घरांचे नकाशे काढले, तपासले, लाल शाईने दुरुस्त केले. निवृत्त झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात स्वतः घर बांधायला घेतलं. लांबी चार फूट, रुंदी अडीच फूट. जागा, आमच्या वरच्या मजल्यावरची मागची खोली. प्रमाण, एकास बारा. खऱ्या घरातला एक फूट म्हणजे तिथला एक इंच. या प्रमाणावर त्यांची अशी श्रद्धा, की एकादशी मोडली असती पण एकास बारा मोडलं नसतं.

भिंती द्राक्षांच्या पेट्यांच्या फळ्यांच्या. कौलं प्लॅस्टरची, एकेक साच्यातून काढलेली. कोठीत पोती होती, त्यांत गहू म्हणून राजगिरा आणि तांदूळ म्हणून खसखस. नळाला सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा वायसर. भांडी मात्र खरी पाहिजेत म्हणून काका भांडीबाजारात गेले, तर पहिल्या तांबटाने हाकललंच. "काका, एवढ्या घागरीत मुंगी बुडंल, पाणी नाय राहायचं." काका रोज सकाळी जाऊन त्याच्या दुकानासमोर बसू लागले. नवव्या दिवशी त्यानेच हाक मारली, "या, आणा ते माप. गिऱ्हाईक विचारतात, हे कोण बसलेत म्हणून." पुढे तोच त्यांना निरोप पाठवू लागला, की बंब जमलाय, येऊन बघा.

"मापात" हा काकांचा शब्द. चहा मापात हवा, पाऊस मापात पडावा, पाहुण्याने मापात बसावं. कुणाकडे हळदीकुंकवाला बायकोला, म्हणजे मालतीकाकूंना, सोडायला गेले तरी त्या घरचा पाट मोजून यायचे. "घरात माणसं का नाहीत हो, काका?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "माणसं मापात बसत नाहीत, वहिनी."

मी हसायची. मग एक दिवस त्यांनी विचारलं, "गोधडी शिवता येईल? सहा इंच बाय चार?" मला काय, जुन्या ब्लाउजचे तुकडे होतेच. शिवली. ती त्या एवढ्याशा पलंगावर घातल्यावर खोली अशी काही जिवंत झाली, की मी दुसऱ्या दिवशी उशा करून नेल्या, तिसऱ्या दिवशी पडदे. गंगापूर रोडला भर रहदारीत वाकून मी बाटलीचं एक बूच उचललं आहे, कारण त्याची परात होणार होती. मागून स्कूटरवाला ओरडला, "मावशी, मरायचंय का?" मला परातीपुढे काही सुचत नव्हतं.

मालतीकाकूंना यातलं काहीही आवडत नव्हतं. "खऱ्या घरातला नळ टपटपतो, तो यांना दिसत नाही," त्या म्हणायच्या. "तिथल्या नळाला मात्र वायसर!" त्या खोलीत त्या पाऊल टाकत नसत. केरसुणी दारातून आत सरकवायच्या आणि म्हणायच्या, "तुमच्या नगरपालिकेचं तुम्ही झाडा."

सोऱ्या ही घरातली शेवटची वस्तू होती. तो स्वयंपाकघरातल्या फळीवर बसला आणि काकांनी जाहीर केलं, वास्तुशांत करायची. गुरुजींनाही विचारून आले. गुरुजी म्हणाले, "वास्तू केवढी असावी याचं बंधन नाही. पण यजमान सपत्नीक पाहिजेत. तुमच्या हाताला त्यांचा हात लागल्याशिवाय संकल्प नाही."

इथे सगळं अडलं. मालतीकाकू साफ नाही म्हणाल्या.

"चौतीस वर्षांत सात भाड्याची घरं केली," त्या मला म्हणाल्या. "सगळ्यांच्या वास्तुशांतीचं जेवून आले, ओट्या भरून आले. आता स्वतःची करायची ती खेळण्याची? लोक हसणार आणि मी शालू नेसून पाटावर बसणार? जमायचं नाही."

रोज सकाळी वरून आवाज यायचा. "बसशील ना?" "नाही." दूधवाल्याच्या घंटीसारखं ठरलेलं. आठ दिवस. नवव्या दिवशी काका जिन्यात भेटले. पेन्सिल कानावर नव्हती.

"ती नाही बसली तर ते घर नाही, वहिनी. नुसत्या फळ्या."

पत्रिका मात्र छापून गेल्या होत्या. आणि त्यांत काकांनी आयुष्यातली एकमेव चूक केली. सगळं छापलं, घराची लांबी-रुंदी छापली नाही. 'आमच्या नूतन वास्तूची वास्तुशांत', खाली पत्ता आमचाच, वरचा मजला.

त्या दिवशी सकाळी नऊला सगळ्यात आधी आले ते माझे दीर, इगतपुरीहून. चप्पल न काढताच म्हणाले, "वहिनी, वरचा मजला विकलात? आणि आम्हाला पत्रिकेवरून कळावं?"

"कुणी विकला?"

"हे काय मग? नूतन वास्तू!"

त्यांना समजावतेय तोवर माणसं यायला लागली. जो तो नव्या घराचा आहेर घेऊन. तीन भिंतीवरची घड्याळं, दोन लेमन सेट, एक बादली. काकांनी एका घड्याळाला पट्टी लावली आणि खेदाने म्हणाले, "मापात नाही." घर कुठाय म्हणून जो तो आधी खोलीभर बघत राहिला. मग कुणीतरी बटण दाबलं आणि चारही खोल्यांत टॉर्चचे बल्ब लागले. झालं! चाळिशीतली, पन्नाशीतली माणसं गुडघ्यांवर रांगायला लागली. "अगं, पाटा-वरवंटा बघ!" "अडकित्ता उघडतो हो खरंच!" माझे रागावलेले दीर पोटावर पालथे पडून खिडकीतून आत बघत होते. "काका, माडीवर जायचा जिना कुठाय?" गुरुजीसुद्धा सोवळं सावरत वाकले आणि म्हणाले, "देवघर ईशान्येला. वा."

फक्त मालतीकाकू नव्हत्या. स्वयंपाकघरात पाहुण्यांसाठी सांजा परतत होत्या. गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "मुहूर्त वीस मिनिटं आहे."

काका पाटावर एकटे बसले होते. शेजारचा पाट रिकामा.

मला रिकामं बसता येत नाही. म्हटलं, तोवर त्या घरातलं नीट लावावं. गॅसचा बोटाएवढा सिलिंडर मधेच उभा होता, तो स्वयंपाकाच्या ओट्याखाली सरकवायला गेले. जाईना. रेग्युलेटर अडकत होता. परत प्रयत्न केला. ओटाच बुटका.

"काका," मी हळू म्हटलं, "ओटा चुकलाय. सिलिंडर खाली जात नाही."

मला वाटलं, पट्टी काढून भांडायला उठतील. उठले नाहीत.

"चुकला नाही. खऱ्या मापाने अठ्ठावीस इंच आहे. नेहमीपेक्षा चार इंच कमी. मालती चार फूट आठ आहे ना."

मी सिलिंडर खाली ठेवला.

"लग्नानंतर दुसऱ्या वर्षी प्लॉट घेतला होता आम्ही. नकाशा मीच काढला. तिला भिंतीशी उभी करून कोपराचं माप घेतलं होतं. मग धाकट्या भावाचं आजारपण निघालं, प्लॉट गेला. हे तेच घर आहे."

"मग हे काकूंना सांगायचं नाही का आधी?"

"एकदा कागदावर दाखवलं, ते पुरं झालं नाही. या वेळी पुरं करून दाखवायचं होतं."

मी उठले आणि स्वयंपाकघरात गेले. मालतीकाकू तिथल्या, म्हणजे मीच भाड्याने दिलेल्या ओट्यापाशी, जमिनीवर ठेवलेल्या लाकडी पाटावर उभ्या राहून सांजा परतत होत्या. आमच्याकडे राहायला आल्यापासून सहा वर्षं त्या तशाच स्वयंपाक करत होत्या. मी घरमालकीण, महिन्यातून चार वेळा त्यांच्याकडे जाणारी. बाई ठेंगणी आहे, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

"काकू, त्या घरातला ओटा अठ्ठावीस इंचांचा आहे," मी म्हटलं. "तुमच्या कोपराच्या मापाचा."

उलथनं थांबलं.

"खिडकी?"

"ओट्यावरच. पूर्वेला."

"तो नकाशा बंबात घातला म्हणून सांगितलं होतं यांनी मला," त्या म्हणाल्या. गॅस बंद केला. पाटावरून खाली उतरल्या, हात पुसले, बाहेर आल्या. शालू नाही, काही नाही, पदराला सांज्याचा वास. गुडघे टेकून त्यांनी त्या घराच्या स्वयंपाकघरात बघितलं. बराच वेळ. मग रिकाम्या पाटावर बसल्या आणि काकांकडे न बघता म्हणाल्या, "कोठीचं दार उजवीकडे सांगितलं होतं मी. तुम्ही डावीकडेच केलंत ना शेवटी."

"उजवीकडे तुळई येते गं."

"तेहतीस वर्षं तुळईच येतेय."

"हाताला हात लावा," गुरुजी म्हणाले.

लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी गवंड्याला घेऊन वर गेले. त्याने ओट्याच्या कडप्प्यावर हातोडीची मूठ वाजवून पाहिली. "ताई, लय जुना कडप्पा हाय. काढताना फुटंल."

"फुटला तर नवा टाकू. ओटा खाली घ्यायचाय."

"किती खाली?"

मालतीकाकू दारात उभ्या होत्या. "अहो, कशाला हे? सवय झालीय मला."

"काकू, इकडे या आणि पाय टेकून सरळ उभ्या राहा," मी म्हटलं, आणि टेप त्यांच्या कोपराला लावली.